ग्रीन वाचताना आधी उतार, मग स्पीड, आणि लाइन सगळ्यांत शेवटी

तुमचा गोल्फचा प्रश्न थोडक्यात असा: हँडिकॅप 22 (म्हणजे हौशी पातळी), पुण्यात शनिवार-रविवार खेळता, ग्रीनपर्यंत (होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतापर्यंत) बरे पोचता, पण 6 ते 10 फुटांचे पट (होलकडे घरंगळवायचे फटके) एकामागून एक होलच्या खालच्या बाजूने निघून जातात. एका मित्राने पटर (पट मारायची काठी) लोंबता धरून बघायला शिकवलं, दुसरा म्हणतो एमपॉइंट या ग्रीन वाचायच्या पद्धतीचा क्लास करा, आणि कॅडी (बॅग वाहणारा मदतनीस) या दोघांपेक्षा वेगळंच काहीतरी सांगतो. यातलं नेमकं काय धरायचं?

पद्धत नंतर निवडा, आधी क्रम बदला. बहुतेक जण बॉलमागे उकिडवे बसतात आणि पहिला प्रश्न विचारतात, ‘किती वळेल?’ पण उतार कोणत्या दिशेला आहे आणि तुम्ही बॉल किती जोरात मारणार आहात, हे ठरल्याशिवाय त्याचं उत्तर देताच येत नाही. तरीही लोक देतात, आणि ते उत्तर जवळजवळ नेहमी कमी पडतं. खालच्या बाजूने चुकणारे पट हे बहुधा तुमच्या स्ट्रोकचं दुखणं नसतं. तुम्ही ब्रेक, म्हणजे उतारामुळे बॉलला येणारं वळण, कमी धरताय, इतकंच.

उताराच्या दिशेपासून सुरुवात करा. होलमधून जाणारी एक रेघ अशी असते की तिच्यावरून मारलेला बॉल सरळ खाली येतो किंवा सरळ वर चढतो, कुठेही वळत नाही. ही फॉल लाइन. होलवर बादलीभर पाणी ओतलं तर ते ज्या बाजूला पळेल, ती तिची खालची बाजू. ही रेघ सापडली की निम्मं काम झालं, कारण तुमचा बॉल तिच्या डावीकडे आहे की उजवीकडे, वर आहे की खाली, यावरून ब्रेकची दिशा आपोआप ठरते. तिथे अंदाजाला जागाच उरत नाही.

तिचा शोध ग्रीनवर पाय ठेवण्याआधीच सुरू करा. 40-50 यार्डांवरून चालत येताना अख्ख्या ग्रीनचा कल जितका स्पष्ट दिसतो, तितका जवळ गेल्यावर दिसत नाही. बहुतेक ग्रीन्स मागून पुढे उतरती बांधलेली असतात, म्हणजे अप्रोच शॉट (लांबून ग्रीनवर येणारा फटका) थांबायला मदत होते. पाणी साचू नये म्हणून बांधणारा ते दोन-तीन वाटांनी बाहेर काढतो, आणि त्यातली एखादी वाट बंकरमध्ये (वाळूच्या खड्ड्यात) जाणार नाही याची काळजी घेतो, कारण वाळू वाहून जाते. म्हणून बंकरजवळच्या पटला बॉल सहसा बंकरपासून दूर जातो. अपवाद असतात, पण अनोळखी कोर्सवर सुरुवात करायला एवढं पुरतं.

मग होलभोवती 5-6 फुटांवरून एक फेरी मारा. दुसऱ्यांच्या लाइनवर पाय पडू देऊ नका आणि होलच्या अगदी जवळ जाऊ नका. चालताना कुठे चढताय आणि कुठे उतरताय ते पायांना कळतं. जिथे चढ थांबून उतार सुरू होतो तो होलचा वरचा बिंदू, आणि त्याच्या बरोबर समोरचा खालचा. या दोन बिंदूंना जोडणारी रेघ हीच फॉल लाइन. डोळ्यांनी बघायचंच असेल तर बॉल आणि होल यांच्या मधोमध, खालच्या बाजूला जाऊन बसा. उतरत्या बाजूकडून पुस्तक उघडल्यासारखं ग्रीन समोर येतं. वरच्या बाजूने तेच ग्रीन सपाट भासतं.

फॉल लाइनचं महत्त्व पटवून घ्यायचं असेल तर प्रॅक्टिस ग्रीनवर एक प्रयोग करा. साधारण 2 टक्के उताराचा, एकसारखा तिरका भाग शोधा. होलपासून 6 फुटांवर घड्याळाच्या आकड्यांसारखे बॉल गोलाकार मांडा. फॉल लाइनवर, होलच्या वरच्या अंगाला सुमारे 6 इंचांवर एक टी (बॉल ठेवायची छोटी खुंटी) रोवा. आता प्रत्येक बॉल त्या एकाच टीच्या दिशेने सोडा, आणि होल चुकलाच तर तो फूटभर पुढे जाऊन थांबेल इतक्या जोरात. मध्यम वेगाच्या ग्रीनवर बाजूचे, तिरके, चढाचे, उताराचे असे सगळे पट जवळजवळ त्याच टीच्या रोखाने मारावे लागतात. वरून तिरक्या येणाऱ्या पटला तो बिंदू थोडा आणखी वर सरकतो, खालून तिरक्या जाणाऱ्याला थोडा खाली, पण फरक इंचभराचाच. दहा वेगवेगळी वळणं पाठ करण्यापेक्षा एक बिंदू शोधणं किती सोपं आहे, ते अर्ध्या तासात हाताला कळतं. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला मी ग्रीन वाचायला इथूनच शिकवतो.

उतार किती, हे टक्क्यांत बोलायची सवय लावा. 100 इंच चालल्यावर 1 इंच उतरलात तर तो 1 टक्का. होलच्या आसपास सहसा 1 ते 3 टक्के असतो, त्याहून तीव्र जागी होल कापणं टाळतात. 1 टक्का पायांना जेमतेम जाणवतो. 2 टक्क्यांना एका पायावर वजन गेल्याचं स्पष्ट कळतं. 3 टक्क्यांना तोल सावरावासा वाटतो. पायांची ही परीक्षा फोनवरच्या लेव्हलने घ्या: आधी दोन्ही पाय अंतरावर ठेवून उभे राहा, आकडा मोठ्याने बोला, मग फोन जमिनीवर ठेवून बघा. फोन अंशांत दाखवत असेल तर 1 अंश म्हणजे सुमारे पावणेदोन टक्के. हे फक्त सरावात. राउंड चालू असताना उपकरणाने उतार मोजणं नियम 4.3 मध्ये बसत नाही: पहिल्या वेळी दोन स्ट्रोकची पेनल्टी, दुसऱ्यांदा स्पर्धेतून बाद. तसंच ग्रीनचा अंदाज घ्यायला त्यावर बॉल घरंगळवणं किंवा गवत घासून बघणंही राउंडमध्ये चालत नाही.

आता स्पीड. तुमच्या पटांचं खरं कोडं मला इथे दिसतं, म्हणून आकड्यांत सांगतो. समजा ग्रीनचा स्टिंप 10 आहे. स्टिंपमीटर म्हणजे 36 इंच लांबीची, खाच असलेली पट्टी. तिच्यावरून सुटलेला बॉल सपाट जागी जितके फूट जातो तितका स्टिंप. एडवर्ड स्टिंपसन यांनी 1935 मध्ये ती बनवली, आणि यूएसजीए या अमेरिकेच्या गोल्फ संघटनेने सुधारून 1978 मध्ये क्लबांच्या हाती दिली. तर स्टिंप 10, पट 10 फुटांचा, उतार बरोबर आडवा, 2 टक्के. कागदावर हिशोब मांडला तर बॉल होलच्या तोंडाशी जेमतेम पोचेल असा मारायला सुमारे 15 इंच ब्रेक धरावा लागतो. होल नसता तर फूटभर पुढे जाऊन थांबेल असा मारायला 12 इंच. 3 फूट पुढे जाईल असा ठोकायला साडेआठ इंचांच्या आसपास. जागा तीच, गवत तेच, उतार तोच, तरी तीन लाइनी, आणि तिन्ही बरोबर. कॅडी तुम्हाला ‘एक फूट’ म्हणतो आणि मित्र ‘सात-आठ इंच’ म्हणतो, तेव्हा दोघांच्या मनातला स्पीड वेगळा असतो. तुम्ही मित्राची लाइन घेता आणि कॅडीच्या स्पीडने मारता. बॉल खालून जाणारच.

म्हणून एक स्पीड ठरवा आणि प्रत्येक पटला तोच गृहीत धरा. गोल्फ प्रशिक्षक डेव्ह पेल्झ यांनी होलपलीकडे 17 इंच हा आकडा प्रसिद्ध केला. मी फूटभर सांगतो, कारण आपल्या ग्रीन्सवर परतीचा पट तेवढाच सोपा राहतो आणि हळू आलेल्या बॉलला होलची जास्त रुंदी मिळते. होल 4.25 इंचांचं आहे, पण जोरात आलेल्या बॉलसाठी ते तेवढं राहत नाही, कडेला लागून उडतो. वळणाऱ्या पटला बॉल होलमध्ये समोरून शिरत नाही, वरच्या बाजूने शिरतो. त्यामुळे कोणत्या कडेवरून बॉल आत पडेल ते मारण्याआधी नजरेने पक्कं करा.

ग्रीन किती फास्ट आहे, हे ग्रीनकीपरला किंवा स्टार्टरला विचारायला लाजू नका. स्टिंप 8 असेल तर स्टिंप 10 पेक्षा ब्रेक साधारण पाचव्या हिश्शाने कमी होतो.

लाइनबद्दल एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण ‘मी वाचलं बरोबर, तरी बॉल खाली गेला’ ही तक्रार बहुतेक वेळा इथून येते. वर सांगितलेल्या 10 फुटांच्या पटला बॉल सरळ रेषेपासून जास्तीत जास्त किती दूर जातो? सुमारे 4 इंच, आणि तेही निम्म्या अंतराच्या जरा पुढे. हा वळणाचा माथा. डोळ्यांना बॉलचा मार्ग दिसतो तेव्हा हा माथाच दिसतो, आणि लोक पटरचं तोंड त्यावर रोखतात. पण बॉल सुटल्या क्षणापासून खाली सरकायला लागतो, त्यामुळे ज्या बिंदूवर रोख धरला त्याच्या तो खालूनच जातो. माथ्यावर रोख धरलात तर होलपाशी जेमतेम साडेसहा इंच ब्रेक धरल्यासारखं होतं. हवे होते 12. बॉल होलच्या मध्यापासून सुमारे साडेपाच इंच खालून जाणार, म्हणजे पूर्ण चुकणार. रोखायचं ते होलच्या बाजूला 12 इंचांवरच्या बिंदूवर. तिथवर बॉल कधी जाणारच नसतो, आणि म्हणून मन तो बिंदू स्वीकारायला तयार होत नाही. मन मानेपर्यंत सरावात त्या बिंदूवर टी रोवून मारा. राउंडमध्ये तशी खूण ठेवता येत नाही.

ब्रेक कमी धरण्याचा मोह चांगल्या खेळाडूंनाही होतो. 2013 च्या मास्टर्स स्पर्धेत प्लेऑफच्या दुसऱ्या होलवर, म्हणजे ऑगस्टाच्या दहाव्यावर, पावसात आणि अंधारून आलेलं असताना अ‍ॅडम स्कॉटसमोर सुमारे 12 फुटांचा बर्डी पट होता. त्याला ब्रेक एका कपाहून (होलच्या रुंदीहून) जरा जास्त वाटत होता. त्याचा कॅडी स्टीव्ह विल्यम्स म्हणाला, निदान दोन कप. स्कॉटने कॅडीचं ऐकलं, बॉल आत पडला, आणि मास्टर्स जिंकणारा तो पहिला ऑस्ट्रेलियन ठरला. तुमच्या रविवारच्या फोरबॉलमध्येही हेच लागू करा: दोन अंदाजांत अडकलात तर मोठा घ्या. तो चुकला तर निदान बॉल होलच्या वरच्या बाजूला असेल, जिथून तो सरकत आत पडण्याची शक्यता शेवटपर्यंत राहते. एकदा खाली गेलेला बॉल परत वर येत नाही.

आता पद्धती.

पटर लोंबता धरून एक डोळा मिटून बघणं मी शिकवत नाही. ज्या जागी तुम्ही उभे आहात त्या जागेचा कल फार तर त्यातून कळतो, होलपाशी काय आहे ते नाही. शिवाय प्रत्येक पटरचा दांडा वेगळ्या कोनात लोंबतो आणि कोणता डोळा प्रबळ यावर उत्तर बदलतं. दिशा कळली तरी ‘किती’ हे त्यातून निघत नाहीच.

एमपॉइंटची गोष्ट वेगळी. मार्क स्वीनी यांनी हे गणित आधी टीव्हीच्या प्रक्षेपणासाठी उभं केलं, पट कुठून कसा वळेल ते पडद्यावर दाखवायला. त्याचं खेळाडूंसाठीचं रूप म्हणजे आज ग्रीनवर दिसणारी बोटं. लाइनवर दोन पाय फाकवून उभं राहायचं, उताराचा आकडा पायांनी ठरवायचा, मग बॉलमागे जाऊन तेवढी बोटं डोळ्यासमोर धरायची. बोटांची एक कड होलच्या मध्यावर, दुसरी कड जिथे पडते तिथे रोख. अंतर वाढलं की तीच बोटं होलपाशी जास्त रुंदी झाकतात, त्यामुळे 5 फुटांना आणि 15 फुटांना वेगळा हिशोब करावा लागत नाही. ग्रीन फास्ट असेल तर हात जरा दुमडून बोटं डोळ्याजवळ आणायची. हात किती दुमडायचा हे राउंडआधी प्रॅक्टिस ग्रीनवर पाच-सहा पट मारून जुळवून घेतात. मला ही पद्धत पटते, कारण ती उताराला आधी हात घालते आणि एकच स्पीड गृहीत धरते. क्लास केलात तर पैसे वाया जाणार नाहीत. पण पायांचा आकडा चुकला तर बोटं चुकीचंच उत्तर देणार, म्हणून वर सांगितलेला फोनचा सराव आधी. आणि होलशेजारी फाकून उभं राहू नका. मागून येणाऱ्यांना तुडवलेलं गवत मिळतं, ही तक्रार रास्त आहे. नियम 40 सेकंदांत स्ट्रोक मारायची शिफारस करतात, हेही लक्षात असू द्या.

ग्रीनच्या बारीक नकाशांची वही तुमच्या पातळीवर गरजेची नाही. 2019 पासून तिच्या आकारावर आणि प्रमाणावर मर्यादा आहेत, आणि 2022 पासून मोठ्या टूर्सनी स्थानिक नियमाने ती जवळपास हद्दपार केली आहे.

आपल्याकडे ग्रेन, म्हणजे गवताची पाती झोपण्याची दिशा, मात्र बघायलाच हवी. ग्रीनवरचं बर्म्युडा हे आपल्या हरळीच्या, दूर्वांच्या कुळातलं गवत. ते जमिनीलगत धावतं, आणि पाती एका दिशेला झोपतात. बॉलमागून बघताना गवत चकाकतं असेल तर पाती तुमच्यापासून दूर झुकलेली आहेत, बॉल जास्त पळेल. गडद, मळकट हिरवं दिसलं तर पाती तुमच्याकडे, बॉल अडेल. शंका असेल तर होलची कड बघा. सकाळी कापलेल्या होलची एक कड दुपारपर्यंत विरते, तपकिरी पडते, दुसरी ताजी राहते. ग्रेन विरलेल्या कडेकडे जातो, कारण त्या बाजूच्या धावत्या कोंबांची मुळं होल कापताना तुटलेली असतात. बारीक कापलेल्या ग्रीनवर ग्रेनमुळे लाइन फारशी बदलत नाही, स्पीड बदलतो. उतार आणि ग्रेन एकाच दिशेला असतील तर ब्रेक थोडा वाढवा, विरुद्ध असतील तर उताराचंच ऐका.

पावसाळ्यात ग्रीन ओलं आणि गवत उंच, त्यामुळे मे महिन्यात एक फूट वळणारा पट जुलैत सात-आठ इंचांवर येतो. थंडीत पहाटेच्या पहिल्या टीटाइमला दव असतं. तेव्हा दुसऱ्याच्या बॉलने दवात काढलेली रेघ बघायला विसरू नका. सुरुवातीला जवळजवळ सरळ आणि शेवटच्या 2-3 फुटांत एकदम वाकणारी ती रेघ बॉल कुठे वळतो हे जितकं स्वच्छ दाखवते, तितकं दिवसभरात दुसरं काही दाखवत नाही. बॉल हळू झाला की उतार त्याला ओढतो, म्हणून होलभोवतीचा शेवटचा टप्पा वाचण्यात जास्त वेळ घाला. डबल ब्रेकच्या (दोनदा वळणाऱ्या) पटलाही शेवटचं वळणच निर्णायक. तुमचा स्वतःचा बॉल चुकून पुढे गेला तर वैतागून मान फिरवू नका. होलपलीकडे तो कसा वळतो तेच तुमच्या परतीच्या पटचं वाचन.

डोंगरांमधल्या कोर्सवर डोळ्यांवर कमी विसंबा. खारघरला किंवा पुण्याजवळ ऑक्सफर्डला आजूबाजूचा चढ इतका मोठा दिसतो की नजर त्यालाच सपाट मानते. अशा ठिकाणी डोंगरापासून दूर हलकेच उतरणारं ग्रीन डोंगराकडे उतरतंय असं भासतं. तिथे पाय जे सांगतील ते धरा.

30-40 फुटांच्या पटला एवढं सगळं करत बसू नका. मोठा कल बघा, शेवटचे 10 फूट बघा, आणि सगळं लक्ष स्पीडवर ठेवा. तीन फुटांच्या आत राहिलात तर पट चांगला.

शेवटी कॅडी. त्याच ग्रीन्सवर रोज चार-पाच तास काढणाऱ्या माणसाइतकं त्या ग्रीन्सबद्दल कोणालाच माहीत नसतं, तेव्हा त्याला जरूर विचारा, पण नीट विचारा. ‘कुठे मारू?’ विचारलंत की तो म्हणतो, ‘साहेब, लेफ्ट, एक कप,’ आणि तो एक कप कोणत्या स्पीडचा हे तुम्हाला कळत नाही. आधी तुमचं वाचन सांगा: ‘दादा, मला दोन कप वाटतोय, फूटभर पुढे जाईल असा मारणार आहे. कमी की जास्त?’ मग त्याचं उत्तर तुमच्या स्पीडचं असतं. तुम्ही नेहमी आखूड मारता हे त्याने दोन-तीन होलमध्ये हेरलं असेल तर तो ‘जास्त’ म्हणेल. तेव्हा लाइन बदलायची की जोर, तेही त्यालाच विचारून घ्या.